पाठीमागे बांधलेले हात

दादांचा गजर पहाटे साडेपाचला वाजे, पण त्यांना उठवण्यासाठी नव्हे. त्याआधी पाच मिनिटं ते पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेले असत, आणि गजर वाजला की हाताखालच्या माणसाने वेळेवर हजेरी दिल्यासारखी मान हलवून तो बंद करत. मग शेजारच्या खाटेवर झोपलेल्या माईंच्या तोंडावरचा मास्क ते चारी बाजूंनी बोटाने चाचपून बघत. मास्कपासून निघालेली पांढरी नळी उशीखाली दबली नाही ना, हे पाहत, आणि यंत्राच्या दांडीला अडकवलेल्या पाटीपुढे उभे राहत. रुग्णालयाने यंत्राबरोबर दिलेल्या टॅबलेटला दादांनी पहिल्याच दिवशी ‘पाटी’ हे नाव देऊन टाकलं होतं. पाटीवर दोन आकडे असत, एक रक्तातल्या प्राणवायूचा आणि दुसरा मिनिटाला किती श्वास त्याचा. दादा ते मोठ्याने वाचत, स्वतःशी पुन्हा एकदा उच्चारत आणि मगच एका लांबट वहीत लिहीत. आकड्यांच्या आधी वेळ, तीही मिनिटासकट. पाच छत्तीस. त्यानंतर चहाचं आधण.

या सगळ्या वेळात त्यांच्या डाव्या खांद्यावर एक धुवट फडकं असे. छत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये लिव्हर ओढले होते. घामट हात लागला तर लोखंड गंजतं, म्हणून तिथे प्रत्येकाजवळ फडकं असायचंच. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी खांद्यावरचं फडकं निवृत्त झालं नव्हतं. पाटीला बोट लावण्यापूर्वीही ते आधी बोट पुसत.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे पाहत होती. तिची दहा दिवसांची रजा आज संपत होती. अकरा वाजता रुग्णालयातून तपासणीच्या सिस्टर येणार होत्या, आणि तीनच्या बसने तिला आपल्या गावी, नवऱ्याकडे आणि नोकरीकडे परतायचं होतं. या दोन वेळांच्या मध्ये काय ते ठरणार होतं.

माईंच्या छातीचे स्नायू वर्षभरात दुबळे होत गेले होते. जागेपणी त्या मास्क बाजूला ठेवून अर्धा तास सहज काढत, चहा पीत, टोमणे मारत. झोपेत मात्र यंत्राने हवा आत ढकलल्यावाचून चालत नसे. दोन महिने त्या रुग्णालयाच्या दीर्घ मुक्कामाच्या कक्षात होत्या, बावीस खाटांमधल्या सोळाव्या खाटेवर. घरी आल्यावर त्यांनी एकच मागणं मागितलं होतं, “मला परत सोळा नंबर करू नका.” रुग्णालयाचा नियम साधा होता. घरात कायम राहणाऱ्या एका माणसाने यंत्राची घंटा कुणाच्याही मदतीवाचून हाताळून दाखवली, तरच रुग्ण घरी राहील. घरात कायम राहणारं माणूस एकच होतं, आणि त्याने आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता.

शिकवणं हा तर सुनेचा पेशाच होता. एका विमा कंपनीत ती कर्मचाऱ्यांना नव्या प्रणाली शिकवी. “दोनशे माणसं शिकवली मी,” पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, “त्यात दादा काय जड आहेत!” दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने कपाळाला हात लावला होता. दादा विसरत नसत, हीच तर पंचाईत होती. एकदा डोक्यात बसलेला क्रम त्यांच्या डोक्यातून निघत नसे. केबिनमध्ये घंटा आली की आधी घंटेला उत्तर द्यायचं, म्हणजे ‘ऐकलं’ असं कळवायचं, आणि मग काम करायचं. काम झालं की रजिस्टरात नोंद. पाटीचा क्रम मात्र निराळा होता. नळीतून हवा गळू लागली की घंटा वाजे. ‘आवाज बंद’ हे बटण दाबलं की ती एक मिनिट गप्प राही. तेवढ्यात गळती शोधायची, आकडे स्थिरावले की ‘तपासले’ हे हिरवं बटण दाबायचं. ते दाबलं नाही, तर गळती थांबली असली तरी यंत्राला ते कळत नसे. मिनिटाभराने घंटा पुन्हा, अधिक जोराने सुरू होई, आणि तीन मिनिटांत ‘तपासले’ झालं नाही तर रुग्णालयाच्या नियंत्रण कक्षातून फोन येई.

दादा घंटेला उत्तर देत, मास्क नीट करत आणि वळून वही उघडत. हिरवं बटण राहून जाई.

“दादा, हिरवं!”

“अगं, ऐकलंय म्हणून कळवलं ना तिला.”

“ऐकलंय म्हणून कळवलं. झालंय म्हणून कुठे कळवलंत?”

“झालेलं तिला दिसत नाही? एवढी हुशार पाटी!”

“सवत आहे ती माझी,” माई मास्क उचलून म्हणत. “तिला सगळं दिसतं. मुद्दाम करते.”

असं हसण्यावारी नेत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी घंटा दुसऱ्यांदा वाजली तेव्हा दादांच्या तोंडचं पाणी पळालं. झोपेतून दचकलेल्या माई हातवारे करू लागल्या, दादांना त्या घुसमटताहेत असं वाटलं, आणि त्यांची बोटं पाटीवर भलतीकडेच पडू लागली. यंत्र बसवणाऱ्या माणसाने सुनेच्या फोनवरही ‘सहायक’ म्हणून तीच बटणं देऊन ठेवली होती. भांडी विसळता विसळता तिने ओला हात ओढणीला पुसला आणि फोनवरून हिरवं बटण दाबलं. घंटा थांबली. दादांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी वहीत ‘शांत’ असा शब्द लिहिला, वेळ टाकली आणि लहान मुलासारखं तिच्याकडे पाहून म्हणाले, “जमलं!”

त्या चेहऱ्याला ती ‘नाही’ म्हणू शकली नाही. आजच्यापुरतं, असं तिने मनाशी म्हटलं. मग दुसऱ्या दिवशीही आजच्यापुरतंच.

*

आज सकाळी सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी घंटा वाजली, तेव्हा ती न्हाणीघरात होती.

पाण्याच्या आवाजात तिला पहिली घंटा ऐकूच आली नाही. दुसरी आली. ती थांबली नाही. डोक्यावर ओतलेलं पाणी कानांवरून ओघळत असताना तिला दादांची पावलं ऐकू आली, खाटेकडे, यंत्राकडे, पुन्हा खाटेकडे, मग त्यांचा आवाज, “मास्क ठीक आहे! नळी ठीक आहे! आता काय?” आणि मग बाहेरच्या खोलीतला फोन घणघणला. अंगाला कसेबसे कपडे गुंडाळून, केसांतून पाणी गळत ती बाहेर आली. टेबलावरचा आपला फोन उचलून तिने बटण दाबलं. घंटा थांबली. दादा दुसऱ्या फोनवर ताठ उभं राहून सांगत होते, “हो. रुग्ण ठीक आहे. हो, मीच बोलतोय. नाही... का वाजली ते मला सांगता येत नाही.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी फार सावकाश उच्चारलं.

फोन ठेवून ते वहीकडे गेले. सात एक्केचाळीस, घंटा. सात बेचाळीस, मास्क ठीक. सात त्रेचाळीस, पुन्हा घंटा. सात पंचेचाळीस, शांत. लिहून झाल्यावर त्यांनी टोपण लावलं नाही. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पानं उलटी चाळायला सुरुवात केली. सून केस पुसत आत गेली, बाहेर आली, चहा गाळला, कप त्यांच्यापुढे ठेवला. चहावर साय धरली. खालच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर उघडल्याचा खडखडाट झाला. दादा वाचतच होते.

“सूनबाई, बस जरा.”

“केस वाळवून येते, दादा...”

“केस वाळतील. बस.”

ती बसली. त्यांनी वही तिच्याकडे फिरवली.

“गेल्या गुरुवारी, दोन वाजून दहा. घंटा, मास्क ठीक, शांत. शुक्रवारी दोनदा. रविवारी एकदा. एकदाही दुसरी घंटा नाही. आज मी तेच केलं, त्याच क्रमाने. आज का वाजली?”

“कधीकधी यंत्र...”

“यंत्र कधीकधी काही करत नाही. घरात आज वेगळं काय होतं ते मी शोधलं. तू न्हाणीघरात होतीस, एवढंच.”

तिच्या केसांतला एक थेंब वहीच्या कडेवर पडला. दादांनी तो फडक्याने टिपला.

“तुझ्या फोनवरून होतं का ते?”

“हो.”

“किती वेळा?”

“दादा, तुम्हाला त्रास होत होता, माई घाबरत होत्या, म्हणून मला वाटलं...”

“वाटलेलं मागाहून सांग. आधी आकडा.”

“आजची धरून बारा वेळा वाजली. नऊ वेळा मी दाबलं.”

“आणि तीन मी. ते पहिल्या दोन दिवसांतले, तू शेजारी उभी राहून ओरडत होतीस तेव्हाचे.” त्यांनी वही मिटली. “म्हणजे मला काहीच येत नाही.”

आतून माईंचा आवाज आला, “अहो, पोरीवर ओरडू नका.”

“ओरडतोय का मी?”

“नाही ओरडत, तेच म्हणते. तुम्ही ओरडत नाही तेव्हाच मला भीती वाटते.”

दादांनी तिकडे लक्ष दिलं नाही. “छत्तीस वर्षं मी रजिस्टर लिहिलं,” ते म्हणाले. “उशीर लिहिला, चूक लिहिली, एकदा दंडही भरला. खोटं लिहिलं नाही. ‘शांत’ हा शब्द नऊ वेळा मी या वहीत लिहिलाय. तो तू माझ्या हातून लिहून घेतलास.”

आपण रडू, असं तिला वाटलं. पण रडलो तर त्यांनाच आपली समजूत काढावी लागेल, हेही कळत होतं. तिने डोळे पुसले नाहीत, नुसते वर केले. समोरच्या घड्याळात सव्वाआठ झाले होते.

त्याच वेळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. ती उठून मागच्या खिडकीपाशी गेली आणि तिने त्याला सगळं सांगितलं.

“मग सोपं आहे की,” तो म्हणाला. “सिस्टर यायच्या वेळी दादांना औषधं आणायला पाठव. तू करून दाखव. मीच राहते इथे म्हण.”

“आणि संध्याकाळी मी तुझ्याकडे असेन त्याचं काय?”

“तिथून दाबायचं ते इथून दाब. फरक काय पडतो?”

“रात्री मला झोप लागली तर?”

“मी आहे ना.”

“तू? तुला तुझा स्वतःचा गजर ऐकू येत नाही. शेजारी येऊन दार वाजवतात.”

मग तो वेगळ्याच, उतरलेल्या आवाजात म्हणाला, “मग काय, आईला परत सोळा नंबर करायचं?”

तिने फोन ठेवला. ती वळली तेव्हा दादा यंत्रापुढे उभे होते. त्यांनी अर्थातच सगळं ऐकलं होतं. दोन खोल्यांच्या घरात न ऐकण्याची सोय नव्हती.

“औषधं कालच आणलीत,” ते म्हणाले. “इकडे ये. पावणेतीन तास आहेत. शिकव.”

“दादा, मी...”

“ऐक. मी शिकाऊ होतो तेव्हा आमचे उस्ताद माझ्या मागे उभे राहायचे, हात असे पाठीमागे बांधून. माझा हात चुकीच्या लिव्हरवर गेला की तोंडाने शिव्या द्यायचे, सात पिढ्यांचा उद्धार करायचे. हात सोडायचे नाहीत. एकदा मी विचारलं, एवढं दिसतंय तर ओढून का टाकत नाही? तर म्हणाले, मी ओढला तर लिव्हर माझाच हात ओळखेल, तू नाही शिकणार.” त्यांनी बोट पुसलं. “तू चांगली मास्तरीण आहेस, नाही असं नाही. पण तुला हातांचा मोह आहे. बांध.”

तिने फोन कपाटावर ठेवला आणि हात पाठीमागे बांधले.

माईंनी उत्साहाने मास्क एका बाजूने उचलला. “मी गळती करते, तुम्ही पळा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या इशाऱ्यावर नाचणार आहात.”

पहिल्या खेपेला हिरवं बटण राहिलं. दुसऱ्या खेपेलाही. “काय राहिलं, दादा?” ती मागून विचारी; सांगत नसे. बोटं एकमेकांत इतकी घट्ट गुंतली होती की नखं रुतत होती. तिसऱ्या खेपेला दादा वहीकडे वळले, पेन उचललं, आणि थबकले.

“थांब. गाडी गेली,” ते पुटपुटले, “पण मागच्या केबिनला ‘मार्ग मोकळा’ कुठे दिला मी?” आणि परत येऊन त्यांनी हिरवं बटण दाबलं. “असं सांग की मग! ऐकलं हे वेगळं आणि मोकळं हे वेगळं. हे तर आमचंच आहे.”

दहा दिवस ती त्यांना पाटीची भाषा शिकवत होती. तिला त्यांची भाषा विचारायचं सुचलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

साडेदहापर्यंत त्यांनी सात वेळा केलं. पाच वेळा बरोबर, दोनदा चुकलं. सातही वेळा वहीत लिहिलं, चुकलेल्यापुढे ‘चूक’ असं लिहून.

*

सिस्टर अकराला पाच मिनिटं कमी असताना आल्या. सडपातळ, मध्यमवयीन, चपला दाराशी काढताना त्यांचं लक्ष यंत्राची नळी कशी नेली आहे याकडे होतं. पाणी नको म्हणाल्या. खुर्ची ओढून त्यांनी पाटी हातात घेतली आणि एक असं पान उघडलं, जे दादांनी कधी पाहिलं नव्हतं. सुनेने पाहिलं होतं. प्रत्येक बटण कुणी दाबलं, त्याची नोंद त्या पानावर आपोआप होत असे.

“सहायक,” सिस्टर वाचू लागल्या. “सहायक. सहायक. सहायक. हे सहायक कोण?”

सुनेच्या मनात नवऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं, ‘मीच राहते इथे’. तीन शब्द. ते उच्चारले की माई घरी. तिने दादांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. तिला मोकळं सोडल्यासारखे.

“मी,” ती म्हणाली. “मी यांची सून. आज दुपारी मी जाणार आहे. ही बटणं मी दाबत होते हे यांना माहीत नव्हतं. आज सकाळी कळलं.”

“आज सकाळी नियंत्रण कक्षालाही फोन करावा लागला.”

“हो. तेव्हाच कळलं.”

सिस्टरांनी चष्मा काढला. “बाई, तुम्ही काय केलंत ते लक्षात येतंय का? एखाद्या रात्री यांनी घंटेला उत्तर दिलं असतं, झालं असं समजून झोपले असते, आणि गळती तशीच राहिली असती. हे पान बघून मला आजच आजींना न्यायला गाडी बोलवायला हवी.”

माईंनी मास्क काढला. पांघरुणाची कड त्यांनी मुठीत धरली होती.

“बोलवा,” दादा म्हणाले. “पण आधी माझी परीक्षा घ्या. शिकाऊ नापास झाला तर त्याला काढतात. परीक्षेला बसू न देता काढत नाहीत.”

सिस्टर त्यांच्याकडे, खांद्यावरच्या फडक्याकडे, उघड्या वहीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वही ओढून घेतली आणि शेवटचं पान वाचलं. ‘चूक’ या शब्दावर त्यांचं बोट दोनदा थांबलं.

“एकदा,” त्या म्हणाल्या. “एकदाच बघते. तुम्ही बाहेर जा, आणि मी म्हटलं की आत या. आजी, तुम्ही मास्क लावा.”

दादा बाहेर गेले. सिस्टरांनी मास्कला हात लावला नाही. यंत्राच्या मागे हात घालून त्यांनी नळीचं टोक किंचित सैल केलं, तिथे, जिथे समोरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. दहा दिवसांत गळती नेहमी मास्कपाशी झाली होती. तिथलं टोक तिने दादांना कधी दाखवलंच नव्हतं.

घंटा वाजली. “या,” सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं.

“घंटा. ऐकली,” दादा मोठ्याने म्हणाले. त्यांनी बोट पुसलं. पुसण्यात सहा-सात सेकंद गेले. ‘आवाज बंद’. मास्क, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. ठीक. नळी, उशीच्या कडेने. ठीक. ते पाटीपुढे आले. प्राणवायूचा आकडा चौऱ्याण्णव होता. बघता बघता त्र्याण्णव झाला. दादा थांबले. त्यांनी पुन्हा मास्क चाचपला. ब्याण्णव.

घंटा पुन्हा सुरू झाली, अधिक जोराने. कपाटावर ठेवलेला सुनेचा फोन थरथरत कडेला सरकू लागला. ती तो उचलायला गेली, केवळ पडू नये म्हणून, आणि हातात आला तशी त्यावरची दोन्ही बटणं उजळली. तिचा अंगठा सवयीने हिरव्यावर गेला. दाबलं तर गळती थांबणार नव्हती. घंटा थांबली असती, एवढंच. आठ दिवस तिने एवढंच केलं होतं. तिने फोन पालथा करून गादीवर टाकला आणि हात पाठीमागे बांधले.

दादांनी घंटा पुन्हा गप्प केली. एक मिनिट पन्नास. ते तिसऱ्यांदा माईंच्या मास्ककडे निघाले, आणि ‘तिकडे नाही!’ हे शब्द सुनेच्या दातांपर्यंत आले. वाटेत दादा उभे राहिले. डोळे मिटले. ओठ हलत होते.

“गाडी इकडून निघाली, तिकडे पोचली नाही,” ते पुटपुटले. “मधे नाही. मग निघतानाच...”

ते वळले आणि फडक्याचा हात यंत्राच्या मागे घालून बोटांनी नळीचं मूळ धुंडाळू लागले. टक असा आवाज झाला. दोन मिनिटं वीस. आकडा एक्क्याण्णववर होता. सुनेला वाटलं, आता दाबतील. दादांनी दाबलं नाही. ते पाटीपुढे उभे राहिले, बोट पुसलेलं, हवेत धरलेलं. एक्क्याण्णव. एक्क्याण्णव. ब्याण्णव. सिस्टरांची नजर घड्याळावर होती. त्र्याण्णव.

“ठीक?” दादांनी माईंना विचारलं. माईंनी पांघरुणातून बोट वर केलं.

“मार्ग मोकळा,” दादा म्हणाले आणि हिरवं बटण दाबलं.

“दोन मिनिटं एक्कावन्न,” सिस्टर म्हणाल्या. “नऊ सेकंद उरले होते.”

माईंनी मास्क उचलला. “यांचं असंच असतं. लग्नालासुद्धा मुहूर्त टळता टळता पोचले होते.”

कुणी हसलं नाही, पण सिस्टरांच्या ओठांची कड हलली. त्यांनी फॉर्म मांडीवर घेतला आणि बराच वेळ लिहिलं. “महिनाभर, तात्पुरतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “दर आठवड्याला मी येईन आणि सगळ्यात आधी ते पान उघडेन. त्यात पुन्हा ‘सहायक’ दिसलं, तर विचारणार नाही. गाडी पाठवीन.” चपला घालता घालता त्या थांबल्या. “आकडा चढेपर्यंत थांबलात, ते चांगलं केलंत. तिथेच बहुतेक जण घाई करतात.”

*

दीड वाजता जेवणं झाली. दादा माईंच्या शेजारी टेकून बसले. बसल्याबसल्याच त्यांचा डोळा लागला होता, फडक्यासकट. सुनेने बॅग भरली. बातमी कळवल्यावर नवऱ्याचं उत्तर लगेच आलं होतं, ‘सुटलो! पण तुझं बटण मात्र चालू ठेव हं. अडीअडचणीला असू दे.’

ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि फोनमधलं ते पान उघडलं. ‘सहायक’ या शब्दाखाली दोन चौकोन होते, दोन्हींत खूण केलेली. ‘पाहणे’ आणि ‘हाताळणे’.

अडीअडचण खोटी नव्हती. दादांचं वय, त्यांची झोप, ते उरलेले नऊ सेकंद, यांतलं काहीच खोटं नव्हतं. तीन मिनिटांनंतर नियंत्रण कक्ष जागा असतो हेही खरं होतं. तिथल्या माणसाचं बटण दाबण्याचं काम नव्हतं, विचारण्याचं होतं, आणि गरज पडली तर गाडी पाठवण्याचं. आपलं बटण राहिलं तर एखाद्या दुपारी, भर वर्गात, फोन थरथरला की आपला अंगठा काय करील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

‘पाहणे’ची खूण तिने राहू दिली. ‘हाताळणे’ची काढली. ‘नक्की?’ असं फोनने विचारलं. तिने होकार दिला, आणि हिरवं बटण करडं पडलं. नवऱ्याला काय सांगायचं ते बसमध्ये ठरवू, असं तिने ठरवलं.

मग ती पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत आली. वही उघडीच होती. केबिनची पाळी बदलून चार्ज देताघेताना जाणारा आणि येणारा दोघंही रजिस्टरमध्ये सही करतात, हे दादांनी तिला जेवताना सांगितलं होतं. तिने घड्याळ पाहिलं आणि सकाळच्या ओळींखाली, त्यांच्यासारखीच आधी वेळ टाकून लिहिलं, ‘दोन वाजून चार. सहायकाने चार्ज दिला.’ पुढे सही केली. शेजारी दुसऱ्या सहीपुरती जागा सोडली, पेनला टोपण लावलं, आणि बॅग दाराशी नेऊन ठेवली.